गीझर गुरगुरतो, एलसीबी पडतो

प्रश्न : बोअरच्या पाण्यावरचा १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर सात वर्षं जुना आहे. पाणी तापायला पाऊण तास लागतो, आतून गुरगुर येते आणि हल्ली एलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. दुरुस्ती की नवा?

उत्तर : २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर जायला या गीझरला १८-२० मिनिटं पुरतात. तुमच्या एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीवर, बोअरच्या पाण्यातला क्षार चढलाय. गुरगुर त्याचीच, थराखाली अडकलेलं पाणी उकळतं. एलिमेंटची नळी अतितापाने तडकली की आत ओल शिरून करंट अर्थिंगकडे गळतो, म्हणून एलसीबी पडतो. तो बायपास करून देणारे महाभाग भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवा! दुरुस्तीपर्यंत गीझर बंदच ठेवा.

मेकॅनिकने मेन स्विच आणि इनलेट कॉक बंद करून, टाकी रिकामी करून फ्लँज (एलिमेंट बसवलेलं झाकण) उघडावा. क्षार खरवडून एलिमेंट आणि गॅस्केट (झाकणाखालची रबरी चकती) बदलावं. टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड निम्म्याहून झिजला असेल तर तोही. नाहीतर गंज टाकीलाच धरतो. अर्थिंग तपासून घ्या.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब गळणं ठीक. गळती टाकीच्या पत्र्यातून असेल, तर मात्र नवाच घ्या. वेल्डिंग टिकत नाही.