प्युअर डेटाचे संदेश टर्मिनलमध्ये कसे घ्यावेत?

प्युअर डेटा या ध्वनीसाठीच्या दृश्य प्रोग्रॅमिंगच्या साधनामध्ये मोजलेली आवाजाची पातळी, स्वतःचा प्रोग्रॅम न लिहिता, टर्मिनलमध्ये घेता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, आणि त्यासाठीचे साधन प्युअर डेटासोबतच मिळते. त्याचे नाव पीडीरिसीव्ह. नावापुढे पोर्ट क्रमांक, समजा ३०००, लिहून ते चालवले की ते टीसीपीवर (आधी जोडणी करून माहिती पाठवण्याच्या पद्धतीवर) ऐकू लागते आणि आलेला प्रत्येक संदेश पडद्यावर उमटवते. यूडीपी (जोडणी न करता पाठवण्याची पद्धत) हवे असल्यास क्रमांकानंतर तसे लिहावे लागते.

पॅचमधील (प्युअर डेटात रचलेल्या प्रोग्रॅममधील) नेटसेंड या संदेश पाठवणाऱ्या ऑब्जेक्टला आधी 'कनेक्ट १२७.०.०.१ ३०००' असा संदेश द्यावा (हा पत्ता म्हणजे आपलाच संगणक) आणि मग 'सेंड' या शब्दाने सुरू होणारे संदेश पाठवावेत. टीसीपीत ऐकणारा आधीच सुरू नसेल तर जोडणी होत नाही. यूडीपीत मात्र पलीकडे कोणीही नसताना सारे सुरळीत असल्यासारखे दिसते, म्हणून पहिली चाचणी टीसीपीवरच घ्यावी, असे माझे मत आहे.

हे संदेश म्हणजे साधा मजकूर असतो: शब्द आणि आकडे मोकळ्या जागेने वेगळे केलेले, शेवटी अर्धविराम. त्यामुळे पीडीरिसीव्ह हाताशी नसेल तर नेटकॅट या नेटवर्कवरचा मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या आदेशावरही काम भागते. शेल स्क्रिप्टमध्ये आकडा वापरण्यापूर्वी तो अर्धविराम 'टीआर' या अक्षरे बदलणाऱ्या किंवा गाळणाऱ्या आदेशाने काढून टाकावा. नेटकॅटच्या काही आवृत्त्या यूडीपीवर पहिल्या प्रेषकालाच चिकटून राहतात. पॅच बंद करून पुन्हा उघडल्यावर संदेश येईनासे झाले, तर नेटकॅट नव्याने सुरू करावे.

संदेश सुपरकोलायडर या दुसऱ्या ध्वनिप्रोग्रॅमकडून येत असतील, किंवा पॅचमध्ये संदेश ओएससीत बदलणारे ऑस्कफॉरमॅट वापरले असेल, तर हे काहीच उपयोगी पडत नाही. ओएससी (ओपन साउंड कंट्रोल) हा संदेशांचा द्विमान, म्हणजे साधा मजकूर नसलेल्या, स्वरूपाचा प्रकार आहे. त्यातील पत्ता, स्वल्पविरामाने सुरू होणारी प्रकारांची खूण आणि मूल्ये यांपैकी प्रत्येक भाग चार बाइटच्या पटीत भरलेला असतो, आणि नेटकॅटमध्ये त्याचा निव्वळ कचरा दिसतो. तेथे लिबलो या संचातील, ओएससी संदेश वाचून दाखवणारे ऑस्कडंप वापरावे. त्याला ५७१२० किंवा ५७११० हे पोर्ट देऊ नयेत, कारण सुपरकोलायडरची भाषा आणि ध्वनिसर्व्हर सहसा तेच वापरतात.

पुढे पाइप लावून (एका आदेशाचा मजकूर थेट दुसऱ्याला देऊन) ग्रेपसारख्या ओळी निवडणाऱ्या आदेशाकडे आणि तेथून आणखी पुढे मजकूर पाठवला, की बराच वेळ काहीच येत नाही आणि मग एकदम ढीग येऊन पडतो. हा दोष नेटवर्कचा नसून बफरचा, म्हणजे मजकूर आधी साठवून मग एकत्र पुढे पाठवण्याचा, असतो. ग्रेपला 'लाइन-बफर्ड' हा पर्याय दिला की तो जातो.

पातळी मोजणारे 'एन्व्ह टिल्ड' ऑब्जेक्ट मूळ मांडणीत दर ५१२ नमुन्यांनी एक आकडा देते, म्हणजे ४४,१०० हर्ट्झवर सेकंदाला सुमारे ८६. नुसते वाचायला हे ठीक आहे. प्रत्येक आकड्यासाठी स्क्रिप्टमधून वेगळा आदेश चालवायचा असेल तर ती मागे पडत जाईल, तेव्हा आकडा पॅचमध्येच साठवून मेट्रो या ठरावीक वेळाने ठोका देणाऱ्या ऑब्जेक्टच्या ठोक्यावर सेकंदाला दहा वेळा पाठवावा.