मशीहाची भाकितं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नाताळच्या उपासनेत कुमारीला पुत्र होईल हे यशया संदेष्ट्याचं वचन वाचतात. येशूचा जन्म खरंच सातशे वर्षं आधी सांगितला होता का?

उत्तर: ते वचन कोणाला ऐकवलं, ते आधी बघा. इ.स.पू. 735 च्या सुमारास अरामचा आणि उत्तरेकडच्या इस्राएलचा राजा एकत्र येऊन यरुशलेमवर चालून आले. यहूदाचा राजा आहाज गर्भगळीत झाला. यशया त्याला सांगतो: मूल जन्मेल, त्याचं नाव इम्मानुएल, त्याला बरंवाईट कळू लागण्याआधीच या दोन राजांचे देश ओस पडतील. सात शतकांनंतरच्या बाळाने आहाजला कसला धीर येणार? पहिला अर्थ त्या संकटाचाच. पण येशूचं चरित्र लिहिताना हे वचन त्याला लावणाऱ्या मत्तयाच्या लेखी वचन एकदा खरं झालं म्हणून संपत नाही, ते येशूत पूर्णत्वाला जातं. होशेय संदेष्ट्याची ‘मिसर देशातून माझ्या पुत्राला बोलावलं’ ही ओळ तर भाकीतही नाही, मिसर म्हणजे इजिप्तमधून इस्राएलच्या सुटकेची आठवण आहे. तीही तो येशूच्या मिसरहून परतण्याला लावतो. पंचांगात ग्रहणाची वेळ शोधावी तशी ही वचनं वाचाल, तर निराशा ठरलेली.

प्रश्न: ख्रिस्ती लोकांनी ही वचनं मागाहून घुसडली नसतील ना?

उत्तर: नाही. 1947 च्या सुमारास मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत यशयाची सात मीटरहून लांब गुंडाळी सापडली. ती येशूच्या जन्माआधी शंभरेक वर्षांची, आणि दुःख सोसणाऱ्या सेवकाचा 53 वा अध्याय, जो ख्रिस्ती लोक येशूला लावतात, तोही तीत आहे. उलटी शंका मात्र रास्त आहे: घटनाच भाकितांना साजेशा सांगितल्या गेल्या का? यरुशलेमप्रवेशाच्या वेळी येशूचा दुसरा चरित्रकार मार्क याच्याकडे एकच शिंगरू आहे. मत्तय गाढवी आणि शिंगरू दोन्ही आणवतो, कारण जखऱ्या संदेष्ट्याच्या ओळीत दोन्हींचा उल्लेख आहे. हिब्रू काव्यात तीच गोष्ट दोनदा म्हणायची रीतच होती, म्हणजे तिथे जनावर एकच.

प्रश्न: मग यहुदी लोक येशूला मशीहा का मानत नाहीत?

उत्तर: कारण मशीहाकडून, म्हणजे देव पाठवील त्या तारणाऱ्या राजाकडून, अपेक्षित काम झालेलं त्यांना दिसत नाही. पांगलेले लोक परतावेत, तलवारींचे फाळ व्हावेत, मंदिर उभं राहावं, प्रत्यक्षात इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिरच पाडलं. 53 व्या अध्यायातला सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र, असं अकराव्या शतकातला भाष्यकार राशी सांगतो. त्याला आधारही आहे: यशयाच्या 41 व्या अध्यायात देव इस्राएललाच ‘माझा सेवक’ म्हणतो. उरलेलं काम येशूच्या दुसऱ्या आगमनात होईल, हे ख्रिस्ती उत्तर. यहुदी वाचकाला ते पळवाट वाटतं, ख्रिस्ती वाचकाला आशा.

प्रश्न: आपल्या कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, काय मानतात?

उत्तर: एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलीया संदेष्ट्याला, त्यांच्यात फार मान. मंगलप्रसंगी त्याच्या नावाने मलिदा करतात, आणि अलिबागजवळ खंडाळ्याला तो प्रकटल्याची त्यांची श्रद्धा आहे. परमेश्वराच्या दिवसाआधी एलीया येईल, असं मलाखी संदेष्टा सांगतो. ख्रिस्ती लोकांच्या मते त्या रूपाने बाप्तिस्मा देणारा योहान येऊन गेला. बेने इस्राएल मात्र अजून एलियाहूची वाट पाहतात.