बोंडं फुटायला लागल्यावर कपाशीतल्या तणाचं काय करावं?

तुमचा प्रश्न असा, की कपाशी फुटायला लागली आहे, ओळींमध्ये गवत गुडघ्याला लागतंय, तर वेचणीआधी एकदा तणनाशक मारून शेत साफ करून घ्यावं का? मी म्हणेन, मारू नका. तण हाताने काढा, आणि तेही सगळं काढायची गरज नाही.

तणामुळे उत्पादनाला जो फटका बसतो तो मुख्यतः पेरणीनंतरच्या पहिल्या 60 दिवसांत. आता निंदणी केल्याने बोंडं वाढणार नाहीत. आता वाचवायची ती कापसाची प्रत. त्या हिशोबाने शेतात एक चक्कर मारा म्हणजे आधी काय उपटायचं ते दिसेल. झाडावर चढलेले वेल पहिले काढा. ते बोंडं गुंडाळून टाकतात आणि यंत्राने वेचणी असेल तर त्यात अडकतात. मग गोखरू आणि आघाडा, कारण त्यांची काटेरी फळं कापसाला चिकटली की निघता निघत नाहीत. गाजरगवतावर पिठ्या ढेकूण पोसला जातो, म्हणून तेही ठेवू नका. बी धरलेलं तण पोत्यात भरून बांधावरच्या खड्ड्यात टाका. केना तर शेतात मुळीच सोडू नका, ओल मिळाली की त्याचा तुकडाही पुन्हा रुजतो. जमिनीलगतचं बारीक गवत मात्र राहिलं तरी चालेल. त्यासाठी आता डवरणी (ओळींमधून कोळपं चालवणं) केलीत तर फांद्या मोडतील आणि फुटलेल्या बोंडांवर माती उडेल.

तणनाशकाला माझा विरोध का, तर फवारलेलं तण उभ्याउभ्या वाळतं आणि त्याचा चुरा थेट कापसात जातो. हिरवं पान निदान वेचताना दिसतं, वाळलेल्या पानाचा भुगा जिनिंगमध्येही, म्हणजे सरकी वेगळी करतानाही, पूर्ण निघत नाही. शिवाय तणनाशक न सोसणाऱ्या साध्या कपाशीच्या पानांवर ग्लायफोसेट हे तणनाशक गेलं तर झाडच मरू शकतं. आणि जो पंप कधी टू-फोर-डी या तणनाशकासाठी वापरला असेल तो कपाशीत नेऊच नका. त्याच्या उरलेल्या अंशानेही पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, आकसलेली येतात.

शेत तयार करायचं म्हणजे आणखी एक गोष्ट, पाणी आणि नत्र थांबवणं. उशिरा दिलेल्या युरियाने झाड पुन्हा पालवतं, बोंडं सावलीत राहतात आणि सडतात. पानं गाळणारी फवारणी हाताने वेचणाऱ्याला सहसा लागत नाही. यंत्र लावणार असाल तर साधारण 60 टक्के बोंडं फुटल्यावरच तिचा विचार करा. त्याआधी वरचं एखादं बंद बोंड चाकूने कापून बघा. आत सरकीचं टरफल तपकिरी झालेलं असेल आणि धागे ओढले जात असतील तर ते बोंड पक्व आहे. आत पाणचट गर दिसला तर थांबा, नाहीतर कच्च्या बोंडांचा कापूस हलका भरेल.

तण उपटायचं काम सकाळी ओल असताना करा, मुळासकट येतं. वेचणी मात्र दव पूर्ण सुकल्यावरच. खालच्या बोंडांपासून वर वेचत जा, म्हणजे वरचा पाचोळा खालच्या फुटलेल्या कापसावर पडत नाही. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस वेगळ्या झोळीत ठेवा, आणि झोळी सुती कापडाचीच घ्या. प्लास्टिकच्या पोत्याचा एक धागासुद्धा सुतापर्यंत जातो आणि रंगवलेल्या कापडात उठून दिसतो.