आवाजाची शंका, आवाजाचं उत्तर

प्रश्न : आमच्या देवळाच्या सभामंडपात डबलबारी (दोन भजन मंडळांचा आळीपाळीचा सामना) होते. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. बुवांचा आवाज स्वच्छ आला, पण पखवाज लांबून वाजल्यासारखा, झांज जवळजवळ नाहीच, आणि गजर रंगात आला की सगळंच फाटतं. आता चार ट्रॅकचा (चार आवाज वेगवेगळे नोंदवणारा) रेकॉर्डर घ्यायचा विचार आहे. तो कसा लावावा? (भजन मंडळ, कणकवली तालुका)

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. मिक्सरमधून फक्त तेवढंच जातं, जे मंडपात मोठं करावं लागतं. झांज तशीही शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, म्हणून तिला कुणी माइक देत नाही, आणि पखवाजाला थोडासाच देतात. त्यामुळे मंडपात ऐकताना जो मेळ बसलेला असतो, तो वायरमध्ये नसतोच. आवाज फाटतो त्याचं कारण निराळं. मिक्सरमधून निघणारा सिग्नल साधारण एक व्होल्टचा, आणि मोबाइलची माइकची खाच काही मिलिव्होल्टसाठी केलेली. आत शिरतानाच तो चिरडला जातो. नंतर आवाज कमी करून फाटलेलं सांधत नाही.

रेकॉर्डर जरूर घ्या. झूम एच-५ सारख्या यंत्रावर दोन ट्रॅक मिक्सरसाठी आणि दोन वरच्या स्टीरिओ माइकसाठी मिळतात. साऊंडवाल्याकडे मुख्य आउटपुट मागू नका, ऑक्स (वेगळं मिश्रण काढून देणारं जादा आउटपुट) मागा, आणि तोही प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) आधीचा. मुख्य आउटपुट घेतलं तर शिट्टी आली म्हणून त्यांनी बुवांचा फेडर खाली ओढला की तुमच्या रेकॉर्डिंगमध्येही बुवा खाली जातात. रेकॉर्डरच्या त्या इनपुटवर −२० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) चालू करा. त्या ट्रॅकला फँटम (माइकला वायरमधून दिली जाणारी वीज) मात्र देऊ नका.

सगळी मेहनत खरी माइकच्या जागेवर करा. उंच स्टँड घ्या आणि तो दोन्ही मंडळांच्या मधोमध ठेवा, म्हणजे आळीपाळीने येणाऱ्या बाऱ्या सारख्याच अंतरावरून ऐकू येतील. पखवाजापासून दोन ते अडीच मीटर, उंची दोन मीटरच्या वर. झांज चढत असेल तर तिचा ट्रॅक नंतर कमी करता येणार नाही, कारण तो वेगळा नसतोच. माइकच एक पाऊल झांजेपासून दूर आणि पखवाजाकडे सरकवा. एवढ्या एका पावलाने पखवाजाच्या डाव्या पुडीची धुम एकदम उभी राहते. छताच्या पंख्याखाली स्टँड कधीही नको, आणि फोमची टोपी घातल्याशिवाय नको. वाऱ्यासाठी लो-कट (खालचे, जाड स्वर कापणारं बटण) लावायचा मोह होतो, पण ८० हर्ट्झचा लो-कट त्या धुमचाच पाया काढून घेतो.

लेव्हल ठरवताना मंडळाला गजराचा कळस वाजवायला सांगा. 'हॅलो, चेक' वर लावलेली लेव्हल गजरात हमखास फसते. सर्वांत मोठ्या आघाताला काटा −१२ च्या आसपास थांबावा. रेकॉर्डरचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवलंत तर हलका आवाजही नंतर निर्धास्तपणे वाढवता येतो. ऑटो लेव्हल (यंत्राने आपोआप आवाज कमी-जास्त करणं) बंदच करा. ती चालू असली की प्रत्येक झांजेनंतर बुवांचा आवाज बुडतो आणि हळूहळू वर येतो. एकदा कानाला कळलं की दुसरं काही ऐकू येत नाही.

चार ट्रॅकला तासाला साधारण २ जीबी जागा लागते, म्हणजे पहाटेपर्यंतच्या बारीला ३२ जीबीचं कार्ड पुरे. पॉवर बँक लावणार असाल तर आधी घरी दोन तास चालवून बघा, कारण रेकॉर्डर इतका कमी करंट ओढतो की काही पॉवर बँक आपोआप बंद होतात. आत ताजे सेल असूच देत.

नंतर मिक्सरचे आणि माइकचे ट्रॅक एकत्र जोडताना एक लक्षात ठेवा. आवाजाला एक मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. माइक पखवाजापासून अडीच मीटरवर असेल तर मिक्सरचा ट्रॅक ७ मिलिसेकंद उशिरा वाजेल असा सरकवला की थाप घट्ट बसते. माइक १२ मीटरवर असेल तर ३५ मिलिसेकंद, आणि तेवढं सोडून दिलं तर एक थाप दोनदा वाजल्यासारखी होते. सुरुवातीला पखवाजाजवळ एक टाळी वाजवून घ्या, सरकवण्याचं माप तिथूनच मिळतं. मोबाइलवरचा व्हिडिओ वेगळ्या घड्याळावर चालतो, म्हणून तो प्रत्येक बारीच्या सुरुवातीला नव्याने जुळवा.

प्रश्न : आमची बेंजो पार्टी आहे. जनरेटरवर लॅपटॉप जोडला की रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते. (गुहागर)

उत्तर : आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घरघर गेली तर मिक्सर आणि लॅपटॉपच्या अर्थिंगचा फेरा झाला आहे, म्हणजे दोघांच्या अर्थच्या तारा मिळून बंद चक्र तयार झालं आहे. मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नल जोडून देणारी छोटी पेटी) लावा आणि त्याचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरमधला अर्थ तोडणारं) बटण दाबा. प्लगची अर्थची पिन मोडून घरघर थांबवणारे बरेच भेटतात. ते करू नका, ओल्या अंगणात तो जिवाशी खेळ आहे.

चार्जर काढूनही घरघर राहिली तर बेंजोचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) तपासा. आपला बेंजो हा बुलबुलतरंगाच्या घराण्यातला, म्हणजे नागोयात १९१२ साली तयार झालेल्या जपानी ताइशोगोतोचा वंशज. त्याखालचा चुंबकी पिकअप लाइटिंगच्या डिमरचा आणि ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाटही उचलतो. वाद्य जागेवरच पाव फेरी फिरवून बघा. एका दिशेला आवाज झटकन खाली येतो. त्याच दिशेला बसा. पिकअपपासून डीआय बॉक्सपर्यंतची वायर तीन मीटरच्या आत ठेवा, लांबली की तारेची झळाळी मरते.

प्रश्न : पावसाळ्यात कंडेन्सर माइक चरचर करतो. बिघडला का? (मालवण)

उत्तर : बहुधा दमट झाला आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेलसोबत दोन दिवस ठेवा. तांदळात पुरू नका, त्याचं पीठ जाळीत जातं. उन्हात किंवा हेअर ड्रायरखालीही नको. एसी गाडीतून आणलेला माइक पिशवीतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर थंड पडद्यावर दव धरतं. खाऱ्या हवेने वायरच्या पिना हिरवट झाल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच फँटम चालू करा.