मागच्या चाकांतून खरखर: बेअरिंग बदलण्याआधी ड्रम उघडा

तुम्ही दिलेली माहिती अशी: पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर झालेली, मागे ड्रम ब्रेक. जुलैमध्ये चिपळूणला तीन आठवडे उघड्यावर, भर पावसात, हँडब्रेक ओढून उभी होती. बाहेर काढल्यापासून हळू चालवताना मागून खरखर येते, आणि गॅरेजमध्ये चाक न उचलताच "दोन्ही बेअरिंग गेली" असं सांगण्यात आलं.

एवढ्यावरून बेअरिंगचा निर्णय घेऊ नका. बेअरिंग सहसा एका बाजूचं आधी जातं. दोन्ही एकाच दिवशी आवाज करू लागणं फार क्वचित घडतं. हँडब्रेक लावून तीन आठवडे पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत पहिला संशय ड्रमच्या आतल्या भागावर जायला हवा. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं. त्याच्या आत दोन अर्धगोल पत्रे, म्हणजे शू, असतात आणि ड्रमवर घासून गाडी थांबवणारा थर, म्हणजे लायनर, त्यांच्यावर लावलेला असतो. अंदाजाने मात्र काहीच उघडू नका. आवाज कशाने वाढतो, कशाने बंद होतो आणि कशाने तसाच राहतो, हे आधी बघा. पाऊण तासाचं काम आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

रिकामं मैदान किंवा वाहतूक नसलेला सरळ रस्ता शोधा. काचा खाली, एसी आणि रेडिओ बंद. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा, कारण मागचा आवाज पत्र्यातून पुढे येतो आणि ड्रायव्हरला बाजू कळत नाही. पहिल्या गिअरमध्ये ताशी १० किलोमीटरने चला आणि आवाज मोजा. छोट्या गाडीच्या टायरचा घेर साधारण पावणेदोन ते दोन मीटर असतो, म्हणजे या वेगाला चाक दोन सेकंदांत जवळपास तीन वेळा फिरतं. दोन सेकंदांत तीनदा "खस्... खस्... खस्" ऐकू आलं, तर चाकाच्या प्रत्येक फेरीत एकाच जागी काहीतरी घासतंय. ड्रमवर एका जागी गंज धरलाय, ड्रम गोल राहिलेला नाही किंवा लायनरची एक कड उचलली गेली आहे, असं समजा. "खर्रर्र" असा सलग, धातूवर धातू घासल्यासारखा आवाज असेल तर लायनर संपून शूचा पत्रा ड्रमला लागत असण्याची शक्यता मोठी. आणि वेगाबरोबर चढत जाणारा, ताशी ४०च्या पुढे स्पष्ट होणारा "घूंऽऽ" असेल तर तो बेअरिंगचा किंवा टायरचा.

आता हँडब्रेकची चाचणी. पायातला ब्रेक चारही चाकांवर काम करतो, त्यामुळे त्याने मागचं-पुढचं वेगळं करता येत नाही. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर. ताशी १५-२०च्या वेगात, हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवून, दांडी अगदी हलकी, दोन-तीन खटक्यांइतकी वर घ्या आणि सोडा. बटण सोडलंत तर दांडी अडकून मागची चाकं लॉक होऊ शकतात, म्हणून अंगठा उचलायचा नाही. ओल्या रस्त्यावर हे करूच नका. दांडी वर घेताच आवाज बदलला, वाढला किंवा चक्क थांबला, तर खोट ड्रमच्या आत आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग आणि टायरकडे वळा.

मग वळणाची चाचणी. ताशी ४०-५०ला रिकाम्या रस्त्यावर स्टीअरिंग सावकाश डावी-उजवीकडे द्या. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा घूंऽ वाढला तर डावं बेअरिंग, डावीकडे वळताना वाढला तर उजवं. रस्त्याचा पोत बदलला की आवाज बदलतो का, हेही याच फेरीत ऐका. डांबरावर एक, सिमेंटच्या रस्त्यावर दुसरा, असं होत असेल तर तो टायरचा. टायरवरून तळहात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर टायर वेडावाकडा झिजलाय. खात्री करायची तर मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे लावा. आवाज टायरबरोबर पुढे गेला की प्रश्न मिटला.

यानंतर १०-१५ किलोमीटरची फेरी मारा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा आणि थांबल्यावर दोन्ही मागच्या चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, भाजू शकतं. एक बाजू नुसती कोमट आणि दुसरी तापलेली, असं असेल तर त्या बाजूचा हँडब्रेक पूर्ण सुटत नाही. केबलच्या आवरणात पाणी शिरून आतली तार गंजते. दांडी खाली येते, पण चाकापाशी शू आत जात नाहीत. कोकणात पाऊसभर उभ्या असलेल्या गाड्यांत हे इतकं सर्रास होतं की ड्रम उघडायच्या आधीच केबल मनात धरून ठेवावी.

मात्र या सगळ्या चाचण्यांसाठी गाडी काढण्याआधी एक गोष्ट आठवून बघा. तीन आठवड्यांनी गाडी पहिल्यांदा हलवली तेव्हा ती अडखळली आणि मागून "टक्क" असा आवाज येऊन सुटली का? तसं झालं असेल तर गाडी आता चालवू नका. पावसात ओढून ठेवलेल्या हँडब्रेकमुळे लायनर ड्रमच्या गंजाला चिकटतो. बहुतेक गाड्यांत लायनर शूच्या पत्र्याला डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेला असतो, आणि गाडी जोर लावून हलवली की कधी कधी गंजाचा जोड टिकतो पण तो डिंकाचा जोड तुटतो. सुटलेला तुकडा ड्रममध्ये फिरत राहतो, कधी अडकून चाक जाम करतो. घाटात उतरताना असं झालं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

चाक उचलताना: गाडी सपाट जागी, इंजिन बंद, पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके. हँडब्रेक सोडायचाच आहे, त्यामुळे गाडी गिअर आणि गुटक्यांवरच उभी राहणार. जॅकवर उचलून लगेच खाली घोडी (गाडी पेलणारा स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर काम करू नका. चाक काढण्याआधी ते हाताने फिरवा आणि दुसरा हात त्या बाजूच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक थरथर बोटांना जाणवते, वाळूवरून काही फिरतंय तशी. कानाला पत्ता लागायच्या आधी ती बोटांना कळते. मग चाक वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खटखट हालचाल लागली तर बेअरिंग सैल आहे आणि अशी गाडी महामार्गावर नेऊ नका. ड्रमच्या मागची बॅक प्लेट वाकून ड्रमला लागतेय का, तिच्या फटीत खडा अडकलाय का, हेही बघा. अडकलेला खडा अगदी लायनर संपल्यासारखाच आवाज करतो.

ड्रम दोन प्रकारचे असतात. काही गाड्यांत तो हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) नुसता बसवलेला असतो. चाक काढलं की तो ओढून निघतो. काहींत ड्रम, हब आणि बेअरिंग एकच असतात. तिथे मधली टोपी काढून, नटाची ठोकून आत बसवलेली कड सरळ करून मोठा नट खोलावा लागतो. हा नट परत लावताना नवा घ्या आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा, अंदाजाने नको. कमी आवळला तर बेअरिंग ढिलं पडून महिन्याभरात परत आवाज सुरू होईल.

तीन आठवडे भिजलेला ड्रम सहज निघणार नाही. कडेला गंजाची उंच रेघ तयार होते आणि शू तिच्यामागे अडकतात. बॅक प्लेटवरचं रबरी बूच काढून आतून स्क्रूड्रायव्हरने ॲडजस्टरची (शू आणि ड्रममधली फट जुळवणाऱ्या भागाची) दातेरी चकती मागे फिरवा, शू आत येतील. काही ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात, बहुतेक ८ मिलिमीटरच्या बोल्टची. दोन्हीत बोल्ट घालून आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोडी मारायचीच तर चाकाच्या दोन बोल्टांमधल्या सपाट भागावर हलकी मारा. ओतीव लोखंडाची कड ठिसूळ असते, तिथे मारलं तर टवका उडतो.

ड्रम निघाला की धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. ही धूळ फुप्फुसांत जायची वस्तू नव्हे. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनर किंवा पाण्याने धुऊन खाली पत्र्यात गोळा करा. मग बघायचं.

लायनरची जाडी सर्वांत पातळ जागी मोजा. १ मिलिमीटर किंवा कमी उरला असेल तर बदलायचा. रिव्हेट मारलेला असेल तर लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत येण्याआधीच बदला. पुढच्या बाजूचा शू मागच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसेल. व्हील सिलेंडर (ब्रेकच्या तेलाच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा भाग) वरच्या बाजूला असलेल्या ब्रेकमध्ये ते स्वाभाविक आहे, त्याला दोष समजू नका. लायनर आणि पत्रा यांच्या सांध्यावर नख फिरवा. नख आत शिरलं किंवा तिथे गंजाची तांबडी रेघ दिसली, तर जाडी भरपूर असली तरी तो शू टाकायचा. तुमच्या गाडीत मला हीच शक्यता सर्वांत जास्त वाटते.

ड्रमच्या आतून बोट फिरवा. वरवरचा गंज असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने निघतो. नखाला अडणाऱ्या चऱ्या असतील तर लेथवर ड्रम टर्न करावा लागेल. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, मूळ मापापेक्षा साधारण १ ते २ मिलिमीटर जास्त. टर्न केल्यावर व्यास त्याच्या पुढे जाणार असेल तर नवा ड्रम घ्या. पातळ ड्रम तापून वाकडा होतो.

व्हील सिलेंडरचं रबरी बूट हळूच उचला. आत नुसती ओल चालते, पण थेंब आला तर सिलेंडर बदला. त्या तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत वापरायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती पूर्ण चुकीची आहे. लायनर सच्छिद्र असतो, तेल आतून परत वर येतं आणि एकाच बाजूचा ब्रेक लागून गाडी ओढते.

शू बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, चारही. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा बसवायच्या ते दुसऱ्या बाजूला बघून कळतं. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे उलटसुलट असतात. अदलाबदल झाली तर ॲडजस्टर शू बाहेर ढकलण्याऐवजी आत घेतो आणि पेडल खाली जात राहतं. शू बॅक प्लेटवर जिथे टेकतात त्या उंचवट्यांवर ब्रेकचं ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं लावा. लायनरला बोट लागू देऊ नका.

केबल चाकाच्या बाजूने सोडवून हाताने ओढून बघा. स्वतःहून झटकन मागे जात नसेल तर नवी टाका. तेल सोडून ती चार दिवस चालते, पुढच्या पावसात परत अडकते. जोडताना आधी शूचं ॲडजस्टमेंट करा, ड्रम बसताना अगदी हलका घासेल इतकं. केबल त्यानंतर ताणायची. सर्वांत जास्त होणारी चूक हीच, की शू ढिले ठेवून केबल ताणली जाते. हँडब्रेक तेव्हा छान लागतो, पण शू अर्धवट उघडेच राहतात आणि खरखर परत येते. बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक ५ ते ८ खटक्यांत पूर्ण लागायला हवा. तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो खरा.

बेअरिंगच दोषी निघालं, तर ते प्रेसवर बसवून घ्या. हातोडीने ठोकलं की मार गोळ्यांतून जातो आणि त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. नवं बेअरिंग काही हजार किलोमीटरमध्ये घूं करू लागतं ते यामुळे. एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय कडं असतं. ती बाजू सेन्सरकडे हवी. उलटी बसली तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागेल. चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरासारखं पाणी गल्लीत शिरून चाकं बुडाली असतील तर मात्र बेअरिंगचा संशय वाढतो, कारण चिखलाचं पाणी सीलच्या आत गेलं की ग्रीस संपलंच.

बोलेरो, सुमो, ईको यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी हे सगळं लागू आहेच, पण तिथे डिफरन्शियलही (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) बघा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरा सूर येत असेल तर तो तिथला. लेव्हलचा बोल्ट काढून बोट घातल्यावर तेल भोकाच्या काठाला लागलं पाहिजे. ड्रममध्ये उग्र वासाचं घट्ट तेल दिसलं तर ॲक्सलची सील गेली आहे, आणि सील बदलण्याआधी हाउसिंगवरची श्वासनळी चिखलाने बंद झालीय का ते बघा. ती बंद राहिली तर नवी सीलही गळते.

काम झाल्यावर चाकाचे नट आडव्यातिडव्या क्रमाने आवळा, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत तपासा. सिलेंडर बदललं असेल तर ब्रेकच्या तेलातली हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका. नवे शू पहिले २००-३०० किलोमीटर हलक्या ब्रेकने बसू द्या. या काळात बारीक खसखस येईल, तिची काळजी नको. नंतर तीच १० किलोमीटरची फेरी मारून दोन्ही रिमजवळ हात न्या. दोन्ही बाजू सारख्याच कोमट लागल्या पाहिजेत.

पुढच्या पावसात गाडी दोन-तीन दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना गुटके लावा. एक रात्र पावसात उभ्या गाडीने सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खर्र केलं तर तो ड्रमवरचा रात्रीचा गंज असतो, तो आपोआप निघून जातो.