रॅम मोकळी असताना विंडोज पेजफाइल का ठेवतं? बंद केली तर चालेल का?

तुमच्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आहे, त्यातली सहा-सात जीबी कायम मोकळी दिसते, तरी सी ड्राइव्हवर काही जीबींची पेजफाइल (रॅममधला डेटा गरज पडल्यास ठेवायची डिस्कवरची फाइल) बसलेली आहे आणि मित्र म्हणतो की ती उडवून टाक. उडवू नका. हा सल्ला एक्सपीच्या काळापासून फिरतोय आणि तो देणारा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या आकड्याकडे बघत असतो.

आधी एक घोळ मिटवतो. व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे प्रोग्रॅमला थेट रॅमऐवजी आभासी पत्ते देण्याची पद्धत, बंद करता येतच नाही. प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) पत्त्यांची स्वतंत्र जागा, मेमरीची ४ केबीची पानं, कुठलं पान कुठे आहे ते सांगणारं पेज टेबल आणि पत्त्यांचं भाषांतर करणारं प्रोसेसरमधलं एमएमयू हे सगळं ६४ जीबी रॅमच्या मशीनवरही चालूच असतं. इंटेलकडे ही पानांची पद्धत, म्हणजे पेजिंग, १९८५ च्या ८०३८६ पासून आहे. लिनक्सवर टॉप कमांडमध्ये क्रोमचा व्हर्च्युअल कॉलम बघितला तर तो टेराबाइटच्या वर सहज दिसतो. ते फक्त राखून ठेवलेले पत्ते, त्यांच्यामागे रॅम नसते. तुमचा मित्र बोलतोय ते एवढ्याच भागाबद्दल: डिस्कवरची फाइल.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. 'अव्हेलेबल' सगळेच बघतात. त्याच्याजवळचा 'कमिटेड' बघा, १५.१/२३.८ असा दोन आकड्यांचा. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज ती लगेच देत नाही, देण्याची हमी देतं. पानाला पहिल्यांदा हात लागला की मगच रॅम खर्च होते. आणि विंडोज हमी देताना कडक असतं: रॅम अधिक पेजफाइल, यापलीकडे एक बाइट नाही. उजवीकडचा आकडा ही ती मर्यादा.

पेजफाइल काढली की मर्यादा साधारण रॅमएवढीच, म्हणजे १५.८ जीबी उरते. मग ९ जीबी खरोखर वापरात, पावणेसात जीबी मोकळी, आणि दिलेल्या हम्या १५.१ जीबीच्या, असं चित्र सहज तयार होतं. आता एखाद्या प्रोग्रॅमने १ जीबी मागितली तर नकार मिळतो. बरेच प्रोग्रॅम हा नकार नीट हाताळत नाहीत, सरळ कोसळतात. तिथेच ८ जीबीची पेजफाइल ठेवा: मर्यादा २३.८ वर जाते, मागणी मंजूर होते आणि त्या फाइलमध्ये बहुधा काही लिहिलंही जात नाही. म्हणजे ती फाइल नुसती असल्यामुळे तुमची पावणेसात जीबी रॅम वापरता येते. ती काढून तुम्ही रॅम वाचवत नाही, अडकवून ठेवता.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे विंडोजवरचं पायटॉर्च, मशीन लर्निंगची पायथन लायब्ररी. त्यातल्या डेटालोडरला (डेटा वाचून पुरवणारा भाग) आठ वर्कर, म्हणजे मदतनीस प्रोसेस, दिले की विंडोज आठ नवे पायथन प्रोसेस शून्यापासून उभे करतं. प्रत्येक जण टॉर्च आयात करतो, त्याबरोबर कूडाच्या (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर गणना करायची प्रणाली) अवाढव्य डीएलएल, म्हणजे लायब्ररी फाइली, येतात, आणि त्यातल्या काही भागांसाठी प्रत्येक प्रोसेसच्या नावावर वेगळी हमी लागते, मग त्या भागांना कुणी हात लावो न लावो. वर्कर वाढतात तशी कमिट, म्हणजे हम्यांची बेरीज, गुणाकाराने चढते. शेवटी त्रुटी १४५५ येते: 'द पेजिंग फाइल इज टू स्मॉल'. रॅमचा आलेख मात्र अर्ध्यावर. लोक ग्राफिक्स ड्रायव्हर बदलतात, बॅच साइझ कमी करतात, काही फरक पडत नाही. वर्कर दोनवर आणा किंवा पेजफाइल वाढवा, काम होतं. तोच कोड लिनक्सवर बिनबोभाट चालतो, कारण तिथे वर्कर फोर्कने, म्हणजे मूळ प्रोसेसची प्रत काढून होतात, पानं सामायिक राहतात आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) हम्या देताना मुळातच सैल असतो.

मग फाइल थोडी 'वापरलेली' का दिसते? बराच वेळ न लागलेली, बदललेली पानं विंडोज आधी रॅममध्येच दाबून ठेवतं, गरज वाटल्यास त्यांची प्रत डिस्कवर लिहून ठेवतं. प्रत लिहिली म्हणजे पान रॅममधून गेलं असं नाही. ते तिथेच असतं, फक्त आता गरज पडल्यास क्षणात सोडता येतं. मशीन खरंच डिस्कवर घासतंय का हे बघायचं तर परफमॉनमध्ये (विंडोजचं परफॉर्मन्स मॉनिटर) 'पेजेस इनपुट पर सेकंद' लावा. तो सतत चढा असेल तरच काळजी. पण त्यावरून किंवा रिसोर्स मॉनिटरमधल्या हार्ड फॉल्टवरून (पान डिस्कवरून वाचावं लागल्याची नोंद) थेट पेजफाइलला दोष देऊ नका, साधी प्रोग्रॅमची फाइल वाचली तरी तो मोजला जातो.

'स्वॅप (लिनक्सवरची पेजफाइलसारखी जागा) नसेल तर मशीन डिस्कवर घासणारच नाही' हेही चूक. स्वॅप नसेल तर प्रोग्रॅमचा स्वतःचा डेटा बाहेर टाकता येत नाही, म्हणून दाब आला की कर्नल फाइलवरून आलेली पानं फेकतो, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा कोडच. तो पुढच्या क्षणी परत वाचावा लागतो. लिनक्सवर स्वॅप बंद असताना माउससुद्धा गोठतो तो यामुळेच.

एसएसडी झिजते म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: रोज १० जीबी लिहिले (साध्या वापरात इतके होत नाहीत) तरी वर्षाला ३.६५ टीबी. ३०० टीबी लिहिण्याची हमी असलेल्या ड्राइव्हला त्याने ऐंशी वर्षं लागतील.

सेटिंग असं: विंडोज आणि आर दाबून सिसडीएम डॉट सीपीएल (sysdm.cpl) टाइप करा, 'सिस्टिम प्रॉपर्टीज' उघडेल, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड, चेंज. सगळ्यात वरच्या 'ऑटोमॅटिकली मॅनेज'वर टिक करा आणि रीस्टार्ट. स्वतः आकडा टाकायचाच असेल तर तो एमबीमध्ये द्या आणि ओके करण्याआधी 'सेट' दाबा. हे बटण राहून जातं आणि बदल लागूच होत नाही.

फिरत्या हार्ड डिस्कवर खरंखुरं पेजिंग सुरू झालं तर मशीन रांगतं, तिथे रॅम वाढवण्याला पर्याय नाही. रास्पबेरी पायमध्ये (छोटा एका बोर्डाचा संगणक) एसडी कार्डवर स्वॅप नको, झेडरॅम लावा, म्हणजे पानं रॅममध्येच दाबून ठेवली जातात. आणि तुम्हाला मुळात सी ड्राइव्हवर जागाच हवी असेल तर हायबरनेशनची फाइल बघा: ती साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे तुमच्याकडे सहा-साडेसहा जीबी असते. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीला हायबरनेट ऑफ सांगितलं (powercfg /hibernate off) की ती जाते. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं, आणि स्लीपमध्ये बॅटरी संपली तर सेव्ह न केलेलं काम गेलं, एवढं धरून चाला.