जुनी पिटकुळी सावलीतून उन्हाच्या वाफ्यात हलवता येईल का?

फणसाखाली वाढून कमरेएवढी झालेली पिटकुळी, म्हणजेच नर्सरीतली इक्झोरा, फुलत नाही, म्हणून ती कुंपणाच्या भिंतीलगतच्या उन्हाच्या वाफ्यात या मे महिन्यातच हलवावी का, असे आपण फोंड्याहून विचारले आहे. हलवता निश्चित येईल. मात्र मे महिन्यात नको आणि भिंतीलगतही नको.

उन्हाबाबतचा आपला अंदाज बरोबर आहे. पिटकुळी सावलीत तग धरते, पण दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन मिळाल्याशिवाय भरघोस फुलत नाही. भिंतीची अडचण वेगळी आहे. चुना-सिमेंटचा अंश पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून पायथ्याची माती अल्कधर्मी होते आणि आम्लधर्मी माती मानवणाऱ्या या झुडपाला मातीत असलेले लोहदेखील मग शोषून घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यातच बांधकामाचा राडारोडा तिथे पुरलेला असेल (बहुधा असतोच), तर शेणखत घालून काही साधत नाही. आपली जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी आहे, त्यामुळे भिंतीपासून तीन-चार फूट अलीकडे खड्डा घेतला की पुरे.

अझेलियासारखी थंड प्रदेशातली झुडपे वाढ थांबलेली असताना हलवतात. तो नियम येथे लावू नये, कारण पिटकुळी बारमाही वाढते आणि दिवाळीनंतर पाऊस नसतो. जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावरचे ढगाळ दिवस सर्वांत योग्य. मे महिन्यात तयारी करावी: बुंध्यापासून साधारण नऊ इंचांवर धारदार कुदळीने अर्ध्या वर्तुळात मुळे तोडावीत, पंधरवड्याने उरलेले अर्धे, आणि पाणी चालू ठेवावे, म्हणजे गड्ड्यातच (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यातच) नवी तंतुमुळे फुटतात. हलवण्याच्या दिवशी फांद्या एक-तृतीयांश छाटाव्यात आणि गड्डा उचलताना खाली गोणपाट सरकवून दोघांनी धरावा. बुंधा धरून ओढल्यास माती गळते आणि तंतुमुळे तुटून जातात.

कठीण जांभ्यात खोदलेला खड्डा पावसाळ्यात टाकीसारखा भरतो, म्हणून झाड खोल न पुरता गड्ड्याचा माथा भोवतालच्या जमिनीपेक्षा दोन-तीन बोटे उंच ठेवावा. सावलीतली जुनी पाने अंगावर थेट ऊन आल्यास करपतात. पावसाने उघडीप दिली की दुपारपुरती चुडतांची (नारळाच्या झावळ्यांची) सावली करावी. काही पाने गळाली तरी चिंता नसावी. नखाने साल किंचित खरवडून पाहावी, आत हिरवी असेल तर फांदी जिवंत आहे.

नवी पालवी येईपर्यंत रासायनिक खत टाळावे, बुंध्याला न टेकवता पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे आणि ऑक्टोबरच्या उन्हात पाणी चुकवू नये. फुलोरा फांद्यांच्या टोकांना येतो, त्यामुळे पुढे कुंपणासारखी सतत कातरणी केल्यास उन्हातही झाड फुलणार नाही.